नाव घेण्याची रीत

(देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाचा गोषवारा सादर करीत असतो. यंदाचे हिशेबपत्रक लेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्रासह अहवालात छापले जात आहेच. त्यामुळे आजचा वेळ मी एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. रुग्णालयात दिवसभर ज्या माणसांविषयी आपण बोलतो, त्यांना आपण काय म्हणतो आणि तोच शब्द का निवडतो, हा तो विषय. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु विश्वस्त मंडळापुढे सध्या विचाराधीन असलेल्या दोन सूचना याच विषयाशी निगडित आहेत. त्यांचा निर्णय होण्यापूर्वी या प्रश्नाचा विचार सर्वांनी मिळून करावा, असे मला वाटले.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भाषाशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु कीर्द-खतावणीने मला एक गोष्ट शिकविली आहे. रुपया तोच असतो. तो कोणत्या खात्यावर मांडला, यावरून त्याचा पुढचा सारा प्रवास ठरतो. भांडवली खर्च दुरुस्तीच्या खात्यावर गेला की ताळेबंदाचा अर्थच बदलतो. माणसांचेही काहीसे असेच आहे. त्याला ज्या शब्दाखाली मांडावे, त्या शब्दाप्रमाणे त्याच्याशी वर्तन घडत जाते.

एखाद्या खेड्यातून आलेल्या साठीच्या बाईंचेच उदाहरण घेऊ. घरी त्या कोणाची माय, कोणाची आजी असतात. गावात त्या अमक्याच्या घरच्या. केसपेपरवर त्यांचे नाव, पतीचे नाव व आडनाव येते. वॉर्डात त्या ‘अकरा नंबर’ होतात, शस्त्रक्रियागृहाच्या फळ्यावर ‘हर्निया’ होतात, लेखा विभागात ‘मोफत’ होतात आणि चौथ्या दिवशी ‘डिस्चार्ज’ होतात. बाई एकच, ओळखण्याच्या खुणा सात. यांपैकी कोणताही शब्द कोणी दुष्टाव्याने वापरलेला नसतो. बोलणारा मनुष्य नकळत एक हिशेब करीत असतो. आपण कोणाविषयी बोलत आहोत हे समोरच्याला थोडक्या शब्दांत, न चुकता कळावे, एवढाच त्याचा हेतू असतो. परिचारिकेला खाटेचा क्रमांक सोयीचा, शल्यचिकित्सकाला व्याधीचे नाव सोयीचे, रोखपालाला देयकाचा प्रकार सोयीचा. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचेही काम भागते.

परंतु रुग्णालयात एक तिसरा माणूस असतो. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो तेथेच खाटेवर पडून सारे ऐकत असतो. बाजारात, कचेरीत आपण ज्याच्याविषयी बोलतो तो बहुधा समोर नसतो. येथे तो नेहमीच असतो, आणि उठून जाण्याची त्याला सोय नसते. म्हणून बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची सोय पाहून झाल्यावर या तिसऱ्या माणसाचाही विचार रुग्णालयात करावा लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. अमुक शब्द चांगला व अमुक वाईट, अशी यादी करून हा प्रश्न सुटत नाही. शब्द कोणाच्या तोंडी आहे, यावर बरेच अवलंबून असते. आपल्या वऱ्हाडी बोलीत मुलगा वडिलांना ‘बुढा’ आणि आईला ‘बुढी’ म्हणतो. आईला ‘तू’ म्हणतो. पुण्या-मुंबईकडून नव्याने आलेल्या डॉक्टरांना तो अनादर वाटतो. वस्तुतः ‘माह्या बुढीले पाहा ना डॉक्टरसाहेब’ म्हणणारा मुलगा रात्रभर तिच्या पायथ्याशी बसलेला असतो. मात्र तोच ‘बुढी’ शब्द आपल्या कर्मचाऱ्याच्या तोंडून आला, तर तो अपमान होतो. मुलाने तो शब्द आयुष्यभराच्या नात्याने कमावलेला आहे. आपण तो कमावलेला नाही. आपल्यासाठी ‘आजी’, ‘काका’, ‘ताई’, ‘भाऊ’ हे शब्द आहेत, आणि त्याहून चांगले म्हणजे आदरार्थी क्रियापदासह त्या व्यक्तीचे नाव आहे.

नावाची गोष्ट निघालीच आहे, तर नोंदणीच्या खिडकीकडे वळू. तेथे नाव विचारणे हे सर्वांत सोपे काम, असा समज आहे. प्रत्यक्षात ते अवघड आहे. आपल्या भागातील जुन्या वळणाच्या स्त्रिया आजही पतीचे नाव उच्चारीत नाहीत. ‘घरचे’, ‘मालक’, ‘पोराचे बाप’ असे त्या म्हणतात. नाव घ्यायचे ते लग्नाकार्यात, उखाण्यातून. अशा स्त्रीला गर्दीत मोठ्याने ‘नवऱ्याचं नाव सांगा’ म्हटले की ती मागे वळून सोबतच्या मुलाकडे पाहते, आणि खिडकीतून ‘नवऱ्याचं नावही माहीत नाही का?’ असा प्रश्न येतो. नाव तिला पुरेपूर माहीत असते. ते न घेण्यात तिची एक मर्यादा असते. ती मर्यादा योग्य की अयोग्य, हे ठरविण्याची जागा नोंदणीची खिडकी नव्हे. शिधापत्रिका वा आधारपत्र मागून घेतले, तर कोणालाही अवघडल्यासारखे न होता काम होते.

त्याच स्त्रीला आणखी एक अडचण असते. माहेरचे नाव एक, लग्नानंतरचे दुसरे. एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर पतीचे. दोन वर्षांपूर्वीचा केसपेपर एका नावाने आणि आजचा दुसऱ्या नावाने निघाला, तर जुन्या नोंदी सापडत नाहीत. एखाद्या औषधाची ॲलर्जी त्या जुन्या पानावरच लिहिलेली असू शकते. नवजात अर्भकाला तर बारशापर्यंत नावच नसते. ते आईच्या नावाने ओळखले जाते आणि मनगटावरच्या पट्टीवर ‘अमुक यांचे बाळ’ एवढेच असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने ही रीत ध्यानात घेतली आहे. नावाविना जन्म नोंदविता येतो, बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. जन्मतः प्रत्येकाची पहिली ओळख आईच्या नावाने होते, ही गोष्ट प्रसूतिकक्षात नेहमीच खरी होती. १ मे २०२४ पासून व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा निर्णय केला, तेव्हा ती कागदावरही आली.

आता वॉर्डात जाऊ. ‘अकरा नंबर’ म्हणण्यात माणुसकीचा प्रश्न आहेच. त्याबरोबर सुरक्षिततेचाही आहे. खाटा बदलल्या जातात. सकाळी अकरा क्रमांकावर असलेला रुग्ण दुपारी खिडकीजवळच्या चौदावर जातो, आणि अकरासाठी काढलेले इंजेक्शन अकरावर नव्याने आलेल्या रुग्णाकडे निघते. याच कारणाने अमेरिकेतील रुग्णालयांचे मानांकन करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००३ साली रुग्णसुरक्षेची उद्दिष्टे लागू केली, तेव्हा रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटविणे हे त्यांत अग्रभागी ठेवले. नाव चालते, जन्मतारीख चालते, नोंदणी क्रमांक चालतो. खोलीचा वा खाटेचा क्रमांक चालत नाही. सौजन्य आणि शास्त्र यांचे एकमत व्हावे, असे प्रसंग थोडे असतात. त्यांपैकी हा एक आहे.

व्याधीच्या नावाने रुग्णाला ओळखण्याची रीत याहून जुनी आहे. क्षयरोगाचा उल्लेख रुग्णासमोर करावयाचा असला की डॉक्टर मंडळी ‘कॉक्स’ म्हणतात. १८८२ साली क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर करणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून तो शब्द आला. हेतू चांगला असतो; रुग्णाने धास्ती घेऊ नये व शेजारच्याला कळू नये. परंतु रुग्णाला आपल्यापासून काही दडविले जात आहे एवढे मात्र कळते, आणि तो अधिकच घाबरतो. शेजाऱ्यापासून झाकण्यासाठी सांकेतिक शब्द वापरणे उचित आहे. प्रत्यक्ष रुग्णापासून झाकण्यासाठी मात्र तो वापरू नये. त्याला बाजूला बसवून, त्याच्या भाषेत, सरळ नाव घेऊन सांगावे. सहा महिने नियमित गोळ्या घेतल्या तर बहुतेक रुग्ण बरे होतात, हेही त्याच श्वासात सांगावे.

क्षयरोगाच्या कामात शब्दांचा विचार जगभर झालेला आहे. औषध अर्धवट सोडणाऱ्याला पूर्वी नोंदवहीत ‘डिफॉल्टर’ म्हणत, आणि तपासणीसाठी आलेल्याला ‘सस्पेक्ट’. पहिला शब्द आम्हा हिशेबनिसांच्या परिचयाचा, कर्ज बुडविणाऱ्यासाठीचा. दुसरा पोलीस ठाण्यातला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुधारित व्याख्या केल्या, तेव्हा हे दोन्ही शब्द वगळले. औषध सोडलेल्या रुग्णाशी ‘संपर्क तुटला’ अशी नोंद करण्याची रीत आली. यात केवळ मुलाहिजा नाही. ‘थकबाकीदार’ म्हटले की दोष रुग्णाचा ठरतो आणि आपले काम संपते. ‘संपर्क तुटला’ म्हटले की तो कोणाकडून तुटला, हा प्रश्न उभा राहतो. एसटीचे भाडे नव्हते काय, कापूस वेचणीचे दिवस होते काय, मजुरी बुडत होती काय, हे मग विचारावे लागते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तर विदर्भाने देशाला वाट दाखविली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभारलेल्या संस्थेला लोक ‘तपोवन’ म्हणतात. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी वसविले ते ‘आनंदवन’. नोंदणीच्या कागदावर या संस्थांच्या नावांत ‘महारोगी’ हा त्या काळचा शब्द आहे. परंतु तेथे राहणाऱ्याला ‘मी आनंदवनात असतो’ असे म्हणता आले. त्याला स्वतःविषयी सांगण्यासाठी व्याधीखेरीज दुसरा शब्द मिळाला, ही फार मोठी देणगी होय. आज बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. बऱ्या झालेल्या मनुष्याला ‘कुष्ठरोगी’ म्हणत राहणे हे कर्ज फिटल्यावरही त्याचे नाव ऋणकोंच्या यादीत ठेवण्यासारखे आहे. कायद्यालाही ही यादी दुरुस्त करण्यास वेळ लागला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ मध्ये. मनोविकारांच्या कायद्याचे नावही १९१२ साली ‘ल्युनसी ॲक्ट’ होते, १९८७ साली ते ‘मेंटल हेल्थ’ झाले आणि २०१७ च्या कायद्यात त्यात ‘केअर’ची, म्हणजे शुश्रूषेची, भर पडली.

आपल्या जिल्ह्याचा म्हणून एक शब्द आहे. तो ऐकला की बाहेरचा मनुष्य गोंधळतो. तो शब्द ‘औषध’. येथील शेतकरी कीटकनाशकाला औषध म्हणतो. ‘औषध मारायले गेलो होतो’ म्हणजे तो फवारणीला गेला होता, आणि ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ सांगण्याची या सभागृहात गरज नाही. जुनी माणसे अजूनही कोणत्याही कीटकनाशकाला ‘एन्ड्रिन’ म्हणतात. ते द्रव्य बाजारातून केव्हाच गेले, नाव मागे राहिले. अपघात विभागात रात्री दोन वाजता आलेला नातेवाईक ‘औषध गेलं पोटात’ म्हणतो. तेव्हा ते फवारताना गेले की प्यायल्याने, चुकून की जाणूनबुजून, हे त्या एका वाक्यातून कळत नाही. आणि नोंदवहीत मात्र काहीतरी एक लिहावे लागते.

त्या एका ओळीवर किती अवलंबून असते, हे २०१७ च्या पावसाळ्याने आपल्या जिल्ह्याला दाखविले. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. ‘विष प्राशन’ आणि ‘फवारणीतून विषबाधा’ या दोन नोंदींनी दोन वेगळ्या वाटा सुरू होतात. एका वाटेवर पोलिसांचा पंचनामा व गावाची कुजबुज असते. दुसऱ्या वाटेवर शेतमालकाची, विक्रेत्याची व उत्पादकाची जबाबदारी आणि कुटुंबाला मिळणारे साहाय्य असते. म्हणून नोंद करणाऱ्याने आपल्या मनाने शब्द घालू नये. नातेवाइकाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहावेत, काय आढळले ते वेगळे लिहावे, आणि ठरविण्याचे काम ज्याचे त्याच्यावर सोपवावे. आणि ज्याने खरोखरच विष घेतले, त्याच्याही बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे गृहीत धरले आहे की, तो तीव्र ताणाखाली होता. त्याला ‘पॉयझन केस’ म्हणून हाक मारणे हे त्या कायद्याच्या आणि आपल्या ब्रीदाच्याही विरुद्ध आहे. शेतकरी आत्महत्यांच्या शासकीय छाननीत प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. ते शब्द प्रकरणापुरतेच राहावेत. आपल्या बोलण्यात ‘अपात्र कुटुंब’ असा प्रयोग कधी येऊ नये.

केसपेपरवरील पत्त्याच्या रकान्यातही माणसाची ओळख दडलेली असते. बंजारा समाजाचा तांडा, कोलामांचा पोड, पारध्यांचा बेडा. हे वस्तीचे शब्द आहेत आणि पत्ता म्हणून ते अचूक लिहावेत. परंतु तो शब्द पाहून आवाज बदलू नये. बंजारा बांधव स्वतःला ‘गोर’ म्हणवितात, गोंड ‘कोयतूर’ म्हणवितात, आणि कोलामांना त्यांची स्वतःची द्रविड कुळातील भाषा आहे. शासनाच्या यादीत कोलाम पूर्वी ‘आदिम’ जमातींत मोडत. २००६ पासून केंद्र शासनाने तो शब्द सोडला. वृद्ध बंजारा स्त्रीला कोणी ‘याडी’, म्हणजे आई, म्हणून हाक मारली की तिच्या मुद्रेवरचे परकेपण ओसरते. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागत नाही.

आता मी देणगीदारांना उद्देशून बोलतो. आपण कोणाच्या स्मरणार्थ खाट वा कक्ष देता, तेव्हा संगमरवरी पाटीवर नाव कसे यावे याची आम्ही आपल्याकडे काळजीपूर्वक चौकशी करतो. कोणी ‘कै.’ लिहावयास सांगतात, वारकरी कुटुंब ‘वै.’ सांगते, बौद्ध कुटुंब ‘कालकथित’ सांगते, मुस्लिम कुटुंब ‘मरहूम’ सांगते. मातोश्रींच्या नावाआधी ‘श्रीमती’ असावे की ‘गं. भा.’ यावर घरात चर्चा होते, आणि ती होणे योग्यच आहे. एका अक्षराने दिवंगत व्यक्तीचा मान राखला जातो, हे आपण सर्व जाणतो. माझी विनंती इतकीच की, त्या पाटीखालच्या खाटेवर जो जिवंत मनुष्य झोपलेला आहे, त्याच्या नावाबाबतही हीच चौकशी व्हावी.

यावरून त्या दोन सूचनांकडे येतो. पहिली सूचना अशी की, निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी स्वतंत्र खिडकी असावी व तीवर तशी पाटी असावी. तिच्यामागील हेतू त्यांचा वेळ वाचावा हा आहे, आणि त्याचा मी आदर करतो. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. ‘निर्धन’ हा त्या योजनेतील शब्द आहे व नोंदवहीत तो तसाच राहिला पाहिजे. योजनेची माहिती देणारा फलकही दर्शनी भागात, सर्वांना वाचता येईल असा हवा. कारण तो हक्क सांगतो. मात्र खिडकीवरची पाटी हक्क सांगत नाही. तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला ती नाव ठेवते. गावातला सोयरा शेजारच्या रांगेत असला, तर कित्येक स्वाभिमानी कुटुंबे त्या पाटीखाली उभी राहणार नाहीत, आणि हक्काची खाट रिकामी राहील. म्हणून माझे नम्र मत असे की, रांग एकच असावी आणि कागदपत्रांची तपासणी समाजसेवा कक्षात, दार लोटून व्हावी. वेळ वाचविण्यासाठी त्या कक्षात एक कर्मचारी वाढवावा; तो खर्च मी अंदाजपत्रकात बसवून दाखवीन.

याच ओघात ‘फुकट’ या शब्दाविषयी. मराठीत ‘फुकट’, ‘मोफत’, ‘विनामूल्य’ या तिन्हींचा हिशेबी अर्थ शून्य रुपये इतकाच होतो. तरीही ‘फुकटचा पेशंट’ म्हटले की घेणारा लहान होतो. ‘विनामूल्य उपचार’ म्हटले की उपचाराचे वर्णन होते आणि माणूस आहे तसा राहतो. वस्तुतः त्या उपचाराचे मूल्य कोणीतरी दिलेलेच असते. ते आपण दिलेले आहे.

दुसरी सूचना अशी की, अहवालात लाभार्थी रुग्णांची नावे व छायाचित्रे देणगीदारांसमवेत छापावीत. आपल्या पैशाचे काय झाले हे पाहण्याची आपली इच्छा रास्त आहे, आणि पै-पैचा हिशेब देण्यास मी बांधील आहे. तो हिशेब शस्त्रक्रिया, खाटा, औषधे आणि रक्कम यांच्या आकड्यांत देता येतो. ज्याने स्वेच्छेने, बरा होऊन घरी गेल्यावर, संमती दिली त्याचे मनोगत त्याच्याच शब्दांत छापावे. मात्र सलाईन चालू असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे.

शेवटी ज्या प्रसंगी रुग्णाला ऐकू येत नसते, त्याविषयी बोलतो. थोर व्यक्ती निवर्तली की वृत्तपत्रे ‘पार्थिव’ लिहितात, अनोळखी मनुष्याचा ‘मृतदेह’ सापडतो, आणि रुग्णालयात सर्वांचीच ‘बॉडी’ होते. पाच मिनिटांपूर्वी ज्यांना आपण ‘काका’ म्हणत होतो, त्यांच्याविषयी मुलासमोर ‘बॉडी कधी नेता?’ असे विचारले जाते. येथे नवा शब्द शोधण्याचीही आवश्यकता नाही. ‘काकांना केव्हा नेणार?’ एवढे पुरे. आणि ज्यांची नोंद ‘अनोळखी इसम’ अशी होते, त्यांच्याकडे मी आमच्या उचंत खात्याप्रमाणे पाहतो. नाव न कळल्यामुळे रक्कम तेथे तात्पुरती ठेवतात. ती कोणाची नाही असे कोणी समजत नाही, आणि धनी सापडेपर्यंत शोध थांबत नाही.

येत्या वर्षासाठी कर्मचाऱ्यांच्या संमतीने आम्ही चार गोष्टी ठरविल्या आहेत. रुग्णाला नावाने व आदरार्थी बोलावयाचे. औषध देण्यापूर्वी त्यांनाच नाव विचारून मनगटपट्टीशी पडताळावयाचे. पत्नीकडून पतीचे नाव मोठ्याने वदवून घ्यावयाचे नाही. आणि खाटेजवळ उभे राहून रुग्णाविषयी असे काही बोलावयाचे नाही, जे त्यांच्याशी बोलता येणार नाही. कुटुंबीयांनी याबाबत उणीव दिसताच माझ्या कार्यालयात सांगावे. तक्रारवहीच्या पहिल्या पानावर तशी विनंती छापली आहे. दोन्ही सूचनांचा निर्णय विश्वस्त मंडळ करील व तो आम्हाला शिरोधार्य राहील.

आपल्या औदार्यावर ही संस्था उभी आहे.